दुपारचा स्नॅग

तक्रारवहीत इंग्रजीत एकच ओळ होती: फ्लेअरच्या वेळी एलेव्हेटर अडखळतो. म्हणजे अगदी टेकण्याआधी, शेपटीवरची नाक वर-खाली करणारी हलती फळी अडखळते. खाली सही, आणि वेळ दुपारी 3.40. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. सही देवासच्या एका शिकाऊ वैमानिकाची. एकोणीस वर्षांचा मुलगा, एकट्यानं उड्डाण करायला लागून त्याला महिनाही झाला नव्हता.

मी तेव्हा इंदूरला विमानतळावरच्या एका हँगरमध्ये शिकत होते. विमान देखभालीच्या परवान्याचे पेपर एकीकडे चालू होते, बी-1.2 वर्गाचे, म्हणजे पिस्टन इंजिनाच्या विमानांचे. दुसरीकडे प्रत्यक्ष केलेल्या कामांची वही भरत होते. विमानाच्या तक्रारीला हँगरमध्ये स्नॅग म्हणतात, आणि स्नॅग कोणी लिहिला यावर त्याचं वजन ठरतं. सकाळच्या चहाला दोघातिघांनी ती ओळ वाचली आणि म्हणाले, पोरगा नवा आहे, हात जड असेल. मीही मनात तसंच धरून कामाला लागले. ते चुकलं होतं.

विमान चार आसनांचं, वर पंख असलेलं, एका इंजिनाचं. अशा विमानात संगणक वगैरे काही नसतो. वैमानिकानं हातातलं सुकाणूचं चाक मागे ओढलं की पोलादी केबल खेचली जाते, ती केबिनच्या फरशीखालून, पुल्यांवरून वळत शेपटीपर्यंत जाते, तिथला बेलक्रँक नावाचा कोनी दांडा फिरतो आणि एलेव्हेटरची मागची कड वर उचलली जाते. शेपूट दबते, नाक वर येतं. चाक पुढे ढकललं की दुसरी केबल खेचली जाते. दोन केबली, आठ-दहा पुल्या, ताण जुळवायचे दोन टर्नबकल आणि दोन्ही टोकांना अडवणारे स्टॉप, एवढाच सगळा संसार. फ्लेअर म्हणजे धावपट्टीला टेकण्याआधी नाक हलकेच वर घ्यायची ती दोन-तीन सेकंदं. तेव्हा चाक जवळजवळ शेवटपर्यंत मागे यावं लागतं आणि तेही अगदी सावकाश.

सकाळी सातला मी तपासणी केली. चाक टोकापासून टोकापर्यंत दहा वेळा हलवलं. एलेव्हेटर वर-खाली बरोबर दिशेला जात होता, कुठे घासल्याचा आवाज नव्हता. कोनमापक लावून वरचा आणि खालचा कोन घेतला, दोन्ही नियमावलीप्रमाणे. चाकाला स्प्रिंग बॅलन्स अडकवून ओढून पाहिलं, सव्वा किलोच्या आसपास जोर लागत होता. टेन्शनमीटरवर केबलचा ताण 28 पौंड आला. सगळं मर्यादेत. मी नोंद तयार केली की जमिनीवर तपासलं, दोष आढळला नाही, आणि सहीसाठी सरांपुढे ठेवली.

सर मूळचे इंदूरच्याच रामबागेतले. तीस वर्षं याच कामात. हँगरमध्ये सगळ्यांशी हिंदीत बोलायचे, माझ्याशी मराठीत.

"त्या मुलाशी बोललीस का?"

"नाही सर, तो अकरापर्यंत येईल."

"मग तू शोधत काय होतीस?"

मला उत्तर सुचलं नाही. त्यांनी कागद परत दिला, आणि विमान कुठेही हलवायचं नाही, आजची उड्डाणं दुसऱ्या विमानावर घ्या, असं कार्यालयात सांगायला गेले. एका शिकाऊ पोराच्या एका ओळीवर विमान उभं ठेवायचं म्हणजे दिवसाचं नुकसान. वरून फोन आला, तेव्हा मी तिथेच होते. सर फक्त म्हणाले, "कंट्रोलचा स्नॅग आहे," आणि फोन ठेवला.

मुलगा आला तो घाबरलेलाच. आपण काहीतरी जास्तच लिहून बसलो असं त्याला वाटत होतं. सरांनी त्याला खुर्चीवर बसवलं, समोर कल्पनेतलं चाक धरायला सांगितलं आणि डोळे मिटून तो फ्लेअर पुन्हा कर म्हणाले. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्याच्या हातांनी जे दाखवलं ते त्याच्या ओळीत नव्हतं. हात सरळ मागे येत गेले, छातीपासून वीतभर अंतरावर थबकले आणि मग एकदम दोन बोटं जास्त मागे आले.

"ताई, जुन्या दाराची कडी लागते ना, तसं," तो मला म्हणाला. "जोर लावला की सुटतं. पण सुटलं की हात जास्तच मागे येतो."

मग प्रश्नांवर प्रश्न. दरवेळी त्याच जागी? हो. पुढे ढकलताना होतं का? नाही. हवेत, उंचावर? तिथे इतकं मागे ओढावंच लागत नाही. किती लँडिंगला झालं? तिन्ही. आदल्या दिवशी सकाळी याच विमानावर दोघांनी उड्डाण केलं, त्यांना काही जाणवलं नव्हतं. आणि सगळ्यात शेवटी, सर उठायला लागले तेव्हा, त्यानं सहज सांगितलं की विमान बारापासून उन्हात उभं होतं, आत बसलो तेव्हा चाकाला हात लावता येत नव्हता.

सर पुन्हा खाली बसले.

इथे थोडं माळव्याच्या हवेबद्दल सांगायला हवं. शब-ए-मालवा म्हणून इथल्या रात्रींचं कौतुक आहे ते उगाच नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीपार जातो, पण पहाटे गच्चीवर चादर ओढून घ्यावी लागते. सकाळी सातला हँगरमध्ये पंचवीस अंश असतील, तर दुपारी बाहेर उभ्या विमानाचा पत्रा हात भाजेल इतका तापतो. विमानाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, केबल पोलादाची. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. पाच मीटर लांबी आणि तीस अंशांचा फरक धरला तर दोघांच्या पसरण्यात दीड मिलिमीटरहून जास्त तफावत पडते. सांगाडा लांब होतो, केबल तेवढी होत नाही, म्हणून ती ताणली जाते. नियमावलीत केबलच्या ताणाबरोबर तापमानाचा तक्ता दिलेला असतो तो याचसाठी. हे मी परीक्षेत लिहून आले होते. त्या सकाळी मात्र मी थंड विमान तपासलं आणि तापलेल्या विमानाची तक्रार बंद करायला निघाले होते.

बाराला आम्ही विमान ढकलत बाहेर काढलं आणि उन्हात सोडून दिलं. तीनला परत गेलो. बिजासनच्या टेकडीकडून गरम वारा येत होता, सगळीकडे काळ्या मातीची बारीक धूळ. टेन्शनमीटरवर ताण 42 पौंड. तक्त्याप्रमाणे त्या तापमानाला तोही चालण्यासारखा होता, म्हणजे आकड्यानं अजूनही काही सांगितलं नव्हतं. स्प्रिंग बॅलन्स लावून मी हळूहळू ओढायला लागले. सव्वा, दीड, दीड, पावणेदोन. मग काटा अडीचवर गेला, हातात बारीकशी टक् जाणवली आणि काटा झटकन खाली आला. पुन्हा केलं. त्याच जागी टक्. चाक मुलानं दाखवलं होतं तिथेच, छातीपासून वीतभरावर. माझ्या अंगावर काटा आला. तो मुलगा कुंपणापाशी उभा राहून बघत होता. मी मान हलवली, तेव्हा त्याचा चेहरा जो सैल पडला तो मला अजून दिसतो.

आता दोष आहे हे ठरलं. कुठे आहे हे ठरायचं होतं. सीटा काढल्या, गालिचा काढला, फरशीवरची झाकणं उघडली, शेपटीकडची तपासणी-दारं उघडली. सरांनी मला एक फेल्ट पेन दिलं. प्रत्येक पुलीच्या तोंडावर आणि तिच्यावरून जाणाऱ्या केबलवर समोरासमोर एकेक रेघ मारायची, मग त्यांनी चाक हलवायचं आणि मी टॉर्च नि आरसा घेऊन बघायचं. पुली ठीक असेल तर दोन्ही रेघा जोडीनं सरकतात. एकेक करत सात पुल्या झाल्या, सगळ्या फिरत होत्या. आठवी सामानकप्प्याच्या फरशीखाली, हात जेमतेम जाईल अशा कोपऱ्यात होती. चाक मागे आलं, केबलवरची रेघ पुढे निघून गेली आणि पुलीवरची रेघ जिथल्या तिथे राहिली.

"सर, आठवी फिरत नाहीये."

"नीट बघ. पुन्हा हलवतो."

पुन्हा तेच. केबल पुलीवरून फिरत नव्हती, घासत होती.

ती पुली बाहेर काढली तेव्हा गोष्ट उघड झाली. तपकिरी फिनॉलिकची, म्हणजे कडक प्लास्टिकची पुली, तिच्या खाचेत एकाच बाजूला केबलनं स्वतःचं घर करून घेतलं होतं, नखानं कळेल एवढा खोल चपटा भाग. बेअरिंग कोरडंठाक. बोटानं फिरवलं तर वाळू भरल्यासारखं करकरलं आणि थांबलं. ग्रीस कधी गेलं ते सांगता येत नव्हतं. सरांचा अंदाज होता की मागे कधीतरी सफाई करताना कोणी तिथे द्रावण मारलं असावं. द्रावण मळाबरोबर ग्रीसही धुऊन नेतं आणि मग तिथे धूळ बसते. मला तो अंदाज पटला, पण नोंदीत आम्ही फक्त दिसलं तेवढंच लिहिलं.

तरी टक् कशाची, हा प्रश्न उरलाच. न फिरणाऱ्या पुलीनं चाक जड होईल, पण एकाच जागी कशाला अडखळेल? तेव्हा सरांनी कपडा मागितला. हँगरमधला कापसाचा लगदा त्यांना चालत नाही, मऊ जुनं सुती कापड लागतं. मी घरून आजीच्या लुगड्याचे तुकडे आणून ठेवले होते, मोजून बारा, आणि काम संपताना बाराच परत मोजायचे, कारण विमानात विसरलेली चिंधीसुद्धा कंट्रोलमध्ये अडकू शकते. तुकडा केबलभोवती सैल धरायचा आणि सरकवत न्यायचा. नुसतं बोट कधीच फिरवायचं नाही, तुटलेली तार सुईसारखी आत शिरते. ही केबल सात पेडांची, प्रत्येक पेडात एकोणीस तारा, म्हणजे एकूण 133. जाडी सव्वातीन मिलिमीटरच्या आत. त्यातली एखादी तार तुटली तर डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण कापडाचा धागा तिला अडकतो.

धागा अडकला. पेनानं खूण केली, आणखी पुढे सरकवलं, तिथेच अर्ध्या इंचात अजून दोनदा अडकला. तीन तारा तुटलेल्या, त्यांची टोकं किंचित वर आलेली. चाक फ्लेअरच्या जागी आणून पाहिलं तर नेमका तोच भाग पुलीच्या खाचेच्या तोंडाशी येत होता. ताण कमी असला की ती टोकं खाचेच्या कडेवरून निसटून जात, दुपारी ताण वाढला की कडेला धरून बसत. केबल काढल्यावर सरांनी तो भाग हलक्या हातानं वळवून बघायला सांगितलं. वळवल्यावर आतल्या बाजूला आणखी दोन तुटलेल्या तारा उघड्या पडल्या. पुलीवरून सतत वळणाऱ्या जागी केबलची अशी अवस्था असेल तर ती बदलायचीच, तिथे मर्यादा बिर्यादा बघत बसायचं नसतं.

नवी केबल आणि पुली यायला दोन दिवस लागले. त्यातल्या एका रात्री गच्चीवर मी हे सगळं धाकट्या भावाला सांगत होते. तो इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. तो म्हणाला, "मोठ्या विमानात असं होणारच नाही गं ताई. संगणकाला लगेच कळतं."

त्याचं अर्धं खरं आहे. ज्या विमानांत वैमानिकाची आज्ञा विजेच्या तारांतून जाते, ज्यांना फ्लाय-बाय-वायर म्हणतात, त्यांत संगणक आज्ञा आणि एलेव्हेटरसारख्या पृष्ठभागाची प्रत्यक्ष जागा यांची सेकंदाला कितीतरी वेळा तुलना करत असतो. पाच अंश सांगितलं आणि तीनच अंश हललं तर तो फरक ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त टिकला की दोष जाहीर होतो, दुसरा ॲक्च्युएटर, म्हणजे पृष्ठभाग हलवणारं यंत्र, काम हाती घेतो. मोजमापं तीन-तीन सेन्सरांकडून घेतात आणि एक वेगळं बोलू लागला तर त्याला बाजूला काढतात. पण 27 नोव्हेंबर 2008 ला फ्रान्समध्ये पेर्पिन्यांजवळ समुद्रात पडलेलं एअरबस ए-320 मी त्याला सांगितलं. त्या विमानाची काही दिवस आधी पाण्यानं धुलाई झाली होती. हवेचा कोन मोजणाऱ्या दोन सेन्सरांत पाणी शिरलं, उंचावर ते गोठलं आणि दोन्ही सेन्सर जवळपास एकाच कोनात अडकले. तिसरा खरं सांगत होता. दोघांचं जुळत होतं म्हणून तिसऱ्याला बाजूला काढलं गेलं. वेग फार कमी झाला की संगणक विमान सावरतो, ते संरक्षण तपासायला म्हणून वैमानिक वेग उतरवत गेले, आणि ते संरक्षण आलंच नाही. सातही जण गेले.

भाऊ बराच वेळ गप्प होता. मग त्यानं विचारलं, "म्हणजे सकाळचे दोन पायलट आणि दुपारचा तो मुलगा?" माझ्या हे लक्षात आलं नव्हतं.

केबल बसवण्याचं काम मला दोष शोधण्यापेक्षा भीतीदायक वाटलं. शोधताना विमान आधीच बिघडलेलं असतं, बसवताना आपल्या हातून बिघडू शकतं. रॉय चॅडविक, ज्यांनी लँकेस्टर बॉम्बर घडवला, ते 23 ऑगस्ट 1947 ला स्वतःच्याच ॲव्हरो ट्युडर विमानाच्या चाचणी उड्डाणात गेले, कारण दुरुस्तीनंतर एलेरॉनच्या, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखांवरच्या फळ्यांच्या, केबली उलट्या जोडल्या गेल्या होत्या. उजवीकडे वळवलं की विमान डावीकडे कलायचं. इतकी जुनी चूक आता कोण करेल असं वाटतं, पण 11 नोव्हेंबर 2018 ला पोर्तुगालमध्ये मोठ्या देखभालीनंतर निघालेल्या एअर अस्तानाच्या एम्ब्राएर जेटमध्येही एलेरॉनच्या केबली उलटसुलट झालेल्या होत्या. त्या वैमानिकांनी दीड तासाहून जास्त झुंजून विमान बेजाच्या तळावर उतरवलं.

आणि माझ्या कामाच्या सगळ्यात जवळचं उदाहरण 8 जानेवारी 2003 चं, अमेरिकेतल्या शार्लटचं. एअर मिडवेस्टच्या बीच 1900 विमानाच्या एलेव्हेटर केबलचा ताण दोन रात्रींपूर्वी जुळवला होता. काही पायऱ्या गाळल्या, टर्नबकल अशा फिरवल्या गेल्या की नाक खाली न्यायची हालचाल जवळजवळ निम्मीच उरली. शेवटची तपासणी झालीच नाही. तसं ते विमान नऊ वेळा उडालं आणि कोणाला काही कळलं नाही, कारण तेवढं नाक खाली न्यायची वेळ आली नाही. दहाव्या वेळी सामान नि माणसांचं वजन मागे जास्त होतं. उड्डाण होताच नाक वर गेलं, खाली आणायला एलेव्हेटर उरला नव्हता. एकवीस जण. हे प्रकरण मी अभ्यासात वाचलं होतं, पण टर्नबकल स्वतःच्या बोटांत फिरत असताना ते वेगळंच आठवतं.

म्हणून आम्ही घाई केली नाही. नवी केबल ओढण्याआधी जुनीच्या टोकाला दोरी बांधून घेतली, म्हणजे मार्ग चुकणार नाही. चाक मध्यभागी जखडलं, एलेव्हेटर मध्यभागी जखडला, मग दोन्ही टर्नबकल सारख्या फेऱ्यांनी आवळत ताण आणला. बाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत, ते मोजले. टर्नबकल सैल होऊ नयेत म्हणून लॉकवायर घातली. सकाळी थंडीत एकदा आणि दुपारी उन्हात एकदा, दोन्ही वेळा ताण, कोन आणि ओढण्याचा जोर मोजला आणि पुलीपुलीवर रेघा मारून बघितल्या. दुपारी ताण वाढला तसा जोरही थोडा वाढला, पण काटा सरळ चढत गेला, मध्ये कुठे टक् नाही.

त्यानंतर स्वतंत्र तपासणी. कंट्रोलला हात लागला की ही लागतेच: कामात नसलेला दुसरा परवानाधारक येऊन सगळं पहिल्यापासून बघतो आणि वेगळी सही करतो. आलेले गृहस्थ मितभाषी होते. मी समजावून सांगायला लागले, तर त्यांनी हात वर करून थांबवलं, कारण आधी ऐकलं की माणूस तेच बघतो. मी बाहेर सावलीत जाऊन बसले. चाळीस मिनिटं लागली. बाहेर येऊन त्यांनी मला शेपटीपाशी उभं केलं, आत जाऊन चाक ओढलं आणि ओरडून विचारलं, "काय दिसतं?"

"मागची कड वर."

"आता?"

"खाली."

मग एलेरॉन आणि रडर, म्हणजे शेपटीवरची उभी फळीसुद्धा, जरी त्यांना आम्ही हात लावला नव्हता. एलेरॉनची एक साधी खूण त्यांनी दाखवली. चाकावर दोन्ही अंगठे उभे धरायचे. चाक वळवलं की अंगठे ज्या बाजूला झुकतात त्या पंखाचा एलेरॉन वर दिसला पाहिजे. ती मी आता प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला दाखवते.

चाचणी उड्डाण प्रशिक्षकांनी केलं, मुद्दाम दुपारी साडेतीनला. चार लँडिंग. उतरून त्यांनी वहीत लिहिलं, सगळं सुरळीत. दुसऱ्या दिवशी तेच विमान देवासच्या मुलाला दिलं. मी हँगरच्या दारात उभी राहून बघत होते. पहिला फ्लेअर जरा उंचावर झाला, विमान आपटलं थोडं, दुसरा बरा, तिसरा छान. उतरल्यावर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "पहिला माझा होता ताई, विमानाचा नाही."

त्या आठवड्यात सरांनी आमच्याकडच्या उरलेल्या तिन्ही विमानांच्या फरशा उघडायला लावल्या. एका विमानाची त्याच कोपऱ्यातली पुली फिरत होती, पण करकरत. ती बदलली. पहिल्या विमानातून काढलेली आठवी पुली आणि केबलचा तो तुटका तुकडा सरांनी लेबल लावून तक्रारवहीच्या कपाटात ठेवला. पुलीच्या तोंडावर माझी फेल्ट पेनची रेघ अजून आहे, न हललेली.